भरतीचा तक्ता आणि तासांचा तक्ता: विद्यापीठात आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम कसा उभा करावा

आंतरविद्याशाखीय अध्यापनाला विद्यापीठात उघड विरोध कोणीच करीत नाही. विभागप्रमुखांच्या बैठकीत हा विषय निघाला की सगळे माना डोलावतात, इतिवृत्तात ठराव नोंदवला जातो, आणि पुढच्या सत्राचे वेळापत्रक लागते तेव्हा भूगोलाचा तास भूगोलाच्या वर्गात आणि मराठीचा तास मराठीच्या वर्गात, पूर्वी होता तसाच असतो. मी इतिहास शिकवतो. वनस्पतिशास्त्राच्या एका सहकारी प्राध्यापिकेबरोबर गोव्यातील खाजनांवर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींवर, एक अभ्यासक्रम चालवताना माझी खात्री पटली की इथे कल्पनांची वाण नसते. गाडी अडते ती तासांचा तक्ता, कार्यभाराचे पत्रक आणि गुणांची वही या तीन कागदांपाशी. या लेखाचा बराचसा भाग त्या तीन कागदांनाच दिला आहे.

आधी शब्द स्वच्छ करून घ्यावेत

‘बहुविद्याशाखीय’ आणि ‘आंतरविद्याशाखीय’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एका सत्रात अर्थशास्त्राचा एखादा पेपर घेतला तर ते बहुविद्याशाखीय शिक्षण झाले. दोन विषय त्याच्या गुणपत्रिकेत शेजारी बसले, पण त्यांची आपसांत ओळख झाली नाही. एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी दोन शास्त्रांच्या पद्धती एकमेकींत गुंतवाव्या लागतात आणि त्यांतील एक काढून घेतली तर उत्तरच कोसळते, तेव्हा त्या कामाला आंतरविद्याशाखीय म्हणावे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या घरचेच आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती होते. नाणे हातोहाती फिरताना झिजते, त्यामुळे त्याचे सरासरी वजन घटत जाते आणि एकाच संचयातील नाण्यांच्या वजनांतली तफावत वाढत जाते, हे सूत्र धरून त्यांनी हजारो आहत (ठसे उमटवलेली) नाणी तोलली आणि तक्षशिलेसारख्या ठिकाणच्या नाणेसंचयांतील नाण्यांचा कालक्रम लावण्याची पद्धत बसवली. त्यातून संख्याशास्त्र वगळले तर उरते ती नाण्यांची यादी, आणि इतिहास वगळला तर उरतो तो वजनांचा तक्ता. गोवा विद्यापीठात विभागांची मांडणी आता निरनिराळ्या स्कूलांमध्ये झाली असून सामाजिक शास्त्रांच्या स्कूलला कोसंबींचेच नाव आहे. नाव दिल्याने पद्धत येत नाही, हा भाग वेगळा.

पहिली पायरी: विषय नको, प्रश्न हवा

‘पर्यावरण आणि समाज’ असे भारदस्त शीर्षक ठरवून सुरुवात केली की प्रत्येक जण आपले जुने व्याख्यान त्या छत्रीखाली आणून ठेवतो. त्याऐवजी एक प्रश्न निवडावा. तो एकट्या शास्त्राला सुटता कामा नये, बसने तासाभरात गाठता येईल अशा जागेशी तो बांधलेला असावा आणि विद्यापीठाबाहेरच्या कोणाला तरी त्याचे उत्तर खरोखर हवे असावे. या तीन कसोट्या मी कधी सैल करीत नाही.

आमचा प्रश्न होता: ‘या खाजनाचा बांध कोणी दुरुस्त करायचा?’ खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीखालची, बांध घालून मिळवलेली जमीन. गोव्यात अशी जमीन साधारण १७ ते १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. बांधातली मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते आणि भरती चढू लागली की पाण्याच्याच दाबाने मिटते. भात पिकवणाऱ्याला खारे पाणी आत नको असते. मानशीवर मासे धरण्याचा लिलाव घेतलेल्याला ते हवे असते. पूर्वी बांधाची जबाबदारी गावकारीकडे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या संस्थेकडे होती; १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती हळूहळू कुळांच्या संघटनांकडे सरकली. एवढे ऐकल्यावर विद्यार्थ्याच्या लक्षात येते की जलविज्ञान, वनस्पतिशास्त्र, कायदा, इतिहास आणि अर्थशास्त्र यांतले कोणतेच एकटे इथे पुरणार नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यातील खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे, ती वाचायला कायद्याचा विद्यार्थी लागतोच.

खाजनच घ्यायला हवे असे मुळीच नाही. सत्तरी-फोंड्यातील कुळागर (सुपारी-नारळाची बाग), खाणी बंद पडल्यानंतरचा एखादा गाव, किंवा पणजीतील एका ओहोळाचे सांडपाणी हेही चालेल.

दुसरी पायरी: जोडीदार एक, आणि एक रिकामे सत्र

पहिल्या वर्षी आम्ही चौघे होतो. प्रत्येकाने तीन-चार आठवडे वाटून घेतले, आपापला भाग मन लावून शिकवला आणि वर्गातून निघून गेला. सत्राच्या अखेरीस शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने अत्यंत प्रामाणिकपणे विचारले, “सर, परीक्षेत कुठल्या सरांच्या नोट्सप्रमाणे लिहायचे?” त्या एका वाक्यात आमच्या अभ्यासक्रमाचे परीक्षण झाले. दुसऱ्या वर्षापासून आम्ही दोघेच राहिलो. बाकीचे दोघे ठरावीक दिवशी येतात आणि तेव्हाही आम्ही दोघे वर्गात असतो.

जोडीदार ठरल्यावर एक पूर्ण सत्र केवळ तयारीसाठी ठेवावे. त्या काळात एकमेकांच्या तासाला विद्यार्थ्यांसारखे बसावे, एकमेकांच्या विषयातील दोन-तीन निबंध वाचावेत आणि सामाईक शब्दांची वही करावी. या वहीला मी फार मानतो. ‘नमुना’ हा एकच शब्द घ्या. संख्याशास्त्राला नमुना म्हणजे मोठ्या समूहातून काढलेला अंश, वनस्पतिशास्त्राला दाबून वाळवलेले रोप, साहित्याच्या प्राध्यापकाला शैलीचे उदाहरण आणि मामलेदार कचेरीत नमुना एक व चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा. (विद्यार्थ्यांच्या बोलीतला ‘नमुना’ कोण, हे इथे सांगायला नको.) ‘पुरावा’ या शब्दाचे तर याहून अवघड आहे: मला दस्तऐवजावरची एक ओळ पुरते, माझ्या सहकाऱ्याला तीच मोजणी किमान तीनदा हवी असते. हा फरक आधी आपसांत उलगडला नाही, तर तो विद्यार्थ्यांसमोर वादाच्या रूपाने बाहेर येतो.

तिसरी पायरी: श्रेयांकांच्या चौकटीत जागा शोधणे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी जी श्रेयांकांची (क्रेडिटची) चौकट दिली, तिच्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक आहेत; त्यांपैकी ९ श्रेयांक बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांसाठी, म्हणजे प्रत्येकी ३ श्रेयांकांचे तीन अभ्यासक्रम. गोव्यातील महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आली. साहजिकच नवा अभ्यासक्रम या ३ श्रेयांकांच्या खणात घालण्याचा मोह होतो, आणि मंजुरीच्या दृष्टीने तीच वाट सोपी आहे.

माझे मत जरा निराळे आहे. हे ९ श्रेयांक सहसा पहिल्या तीन सत्रांत येतात आणि तेव्हा विद्यार्थ्याचे स्वतःच्या विषयातले पाऊलही स्थिरावलेले नसते. ज्याच्या हातात अजून कोणतीच पद्धत नाही तो दोन पद्धती गुंतवणार कशा? ‘अशाने विद्यार्थी ना धड इकडचा ना धड तिकडचा होईल’ हा ज्येष्ठ प्राध्यापकांचा आक्षेप पहिल्या वर्षापुरता मला मान्य आहे. म्हणून पहिल्या वर्षी ओळख करून देणारा हलका अभ्यासक्रम असावा आणि खरा प्रश्नाधारित अभ्यासक्रम पाचव्या किंवा सहाव्या सत्रात, ऐच्छिक म्हणून किंवा प्रकल्पाच्या श्रेयांकांतून द्यावा. सक्तीचा मात्र कधीही करू नये. चाळीस इच्छुक विद्यार्थी आणि दीडशे पाठवलेले विद्यार्थी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

प्रस्ताव अभ्यास मंडळाकडून विद्या परिषदेकडे जातो, आणि इथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते: दोन विषयांचा अभ्यासक्रम नेमक्या कोणत्या अभ्यास मंडळाचा? दोन्ही मंडळांकडे एकाच वेळी पाठवला तर दोन्ही एकमेकांच्या मताची वाट पाहत बसतात. एकाला पालक मंडळ ठरवावे, दुसऱ्याची लेखी सहमती सोबत जोडावी आणि हे सगळे सत्र सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी आटपावे.

चौथी पायरी: कार्यभार, म्हणजे मुख्य गाठ

आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. दोन शिक्षक एका तासाला एकत्र उभे राहिले तर तो तास कोणाच्या पत्रकात धरायचा? कार्यालय तो अर्धा-अर्धा वाटते. पत्रकावर ते न्याय्य दिसते, पण त्याचा परिणाम असा होतो की दोघेही वर्गात आळीपाळीने येऊ लागतात आणि महिन्याभरात अभ्यासक्रम पुन्हा दोन तुकड्यांत शिवलेली गोधडी होतो.

तेव्हा प्रस्तावातच हे स्पष्ट लिहून घ्यावे की दोघांनी एकत्र घेतलेला प्रत्येक तास दोघांच्याही कार्यभारात पूर्ण धरला जाईल. प्रशासनाला एवढे झेपत नसेल तर निम्म्या तासांपुरती ही सवलत मागावी आणि ते तास सत्राच्या सुरुवातीला ठेवावेत, कारण दोन शिक्षकांनी एकाच कागदावरून आपसांत सभ्यपणे मतभेद कसा करावा हे विद्यार्थी पहिल्या पाच-सहा आठवड्यांत पाहून शिकतात. ही मागणी मान्य झाल्याखेरीज अभ्यासक्रम सुरू करू नये, असे मी कोणालाही सांगेन. उत्साहाच्या भरात पदरच्या वेळेने चालवलेले अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षी बंद पडतात. शक्य असेल तर एकत्र अध्यापनाची आणि संयुक्त मार्गदर्शनाची नोंद पदोन्नतीच्या अर्जात कोणत्या रकान्यात करायची, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: तासांचा तक्ता

एक श्रेयांक म्हणजे १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. तीन श्रेयांकांपैकी दोन व्याख्यानाला आणि एक प्रात्यक्षिकाला दिला तर १५ आठवड्यांत ३० अधिक ३० असे ६० तास होतात. कार्यालय साहजिकच दर आठवड्याला दोन तासांचे प्रात्यक्षिक लावते. आम्हीही तसेच लावून घेतले, दर बुधवारी सकाळी ९ ते ११.

पहिल्या बुधवारी आम्ही झुआरीकाठच्या एका गावातील मानशीपाशी पोचलो तेव्हा ओहोटी होती. झडपा उघड्या होत्या, पाणी खळाळत बाहेर चालले होते आणि पोयीच्या, म्हणजे मानशीच्या आतल्या बाजूच्या खोलगट पाणथळीच्या, तळाशी मुले चिखलात घोट्यापर्यंत उभी राहून मोजमापे घेत होती. पुढच्या बुधवारी, त्याच वेळी, त्याच जागी बांधाच्या निम्म्यापर्यंत पाणी चढलेले होते आणि मानस मिटलेली होती. आम्ही दोन तास बांधावर उभे राहून छत्र्या सांभाळल्या. कारण साधे आहे आणि ते आधी लक्षात यायला हवे होते: ओहोटीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तास. एका बुधवारी नऊ वाजता ओहोटी असेल तर पुढच्या बुधवारी त्याच सुमारास भरती असणार. आठवड्याचे वेळापत्रक खाजनाला बरोबर उलटे पडते; पंधरवड्याचे मात्र बेताने जुळते. त्यातही दर पंधरवड्याला ती वेळ अर्ध्या-पाऊण तासाने अलीकडे येते, म्हणून सत्राच्या आरंभी ओहोटी दुपारच्या आसपास येईल असा वार निवडावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-तक्त्यात मुरगाव बंदराच्या वेळा मिळतात. नदीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते, तेवढी भर त्यात धरावी.

तेव्हापासून आम्ही प्रात्यक्षिक एक आठवड्याआड चार तासांचे सलग घेतो: १५ आठवड्यांत अशा सात फेऱ्या, उरलेले दोन तास सादरीकरणाला. पहिल्या चार फेऱ्या शेतात. उरलेल्या तीन पणजीतील पुराभिलेखागारात, प्रयोगशाळेत आणि पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात. चार तासांचा सलग तुकडा मिळवण्यासाठी आणखी तीन विभागांच्या वेळापत्रकाला हात लावावा लागतो, तेव्हा वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्याकडे मार्च-एप्रिलमध्येच जावे. भरतीचा तक्ता छापून सोबत न्यावा. तोंडी विनंतीला ‘बघू’ असे उत्तर मिळते. तक्ता पाहिल्यावर पेन्सिल हातात घेतली जाते.

सहावी पायरी: वर्गात नेमके काय करायचे

चार-चारांचे गट करावेत आणि एका गटात एका विषयाचे दोघे येऊ देऊ नयेत. भूमिका दर पंधरवड्याला बदलाव्यात: इतिहासाच्या मुलाने क्षारतामापी धरावा आणि वनस्पतिशास्त्राच्या मुलीने मुलाखत घ्यावी. पहिल्या खेपेला दोघांचीही फजिती होते, आणि ती व्हायलाच हवी.

एकच कागद दोनदा वाचण्याचा तास सर्वांत उपयोगी ठरला आहे. नमुना एक-चौदाचा उतारा आम्ही वर्गात वाटतो. इतिहासाची मुले कब्जेदाराच्या रकान्यातले ‘कोमुनिदाद’ आणि कुळांची नावे पाहतात, विज्ञानाची मुले थेट पिकाच्या रकान्याकडे जातात. एका उताऱ्यावर पीक म्हणून भात लिहिलेले होते; प्रत्यक्षात बांध फुटल्यामुळे त्या जागी माणसाच्या उंचीची खारफुटी उभी होती. कागद जुना की जमीन बदललेली, बांध केव्हा फुटला असेल, खारफुटीच्या वाढीवरून ते वर्ष अदमासे काढता येईल का, आणि आता ही जमीन शेतीची समजायची की संरक्षित वनस्पतींची? तो सगळा तास त्या एका विसंगतीवर गेला आणि ठरवून ठेवलेले व्याख्यान आम्ही तसेच परत नेले.

आणखी एक प्रसंग सांगतो. जुलैच्या दणक्यानंतर एका गटाला शेतातल्या पाण्याची क्षारता जवळजवळ शून्य मिळाली. उपकरण बिघडले असे ठरवून त्यांनी ते तीनदा पुसले, पुन्हा तपासले, शेवटी आकडा खोडून टाकला. बांधावर बसलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने त्यांना शांतपणे सांगितले की पावसाने मीठ धुऊन नेल्यावरच इथे भात धरतो, आकडा बरोबर आहे. मुलांनी खोडलेला आकडा परत लिहिला आणि समासात त्या शेतकऱ्याचे वाक्यही नोंदवले. मोजणी आणि मुलाखत एकाच पानावर आली, तो आमच्या अभ्यासक्रमातला पहिला खरा आंतरविद्याशाखीय कागद.

भाषेविषयी कडक राहू नये. मुलाखत कोकणीत होते, टिपण मराठीत उतरते, क्षारतेचा अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, आणि पुराभिलेखागारातील दस्तऐवज पोर्तुगीज किंवा मोडीत निघतात. गोव्यातील विद्यार्थी या भाषांतून सहज ये-जा करतो. वर्गाने त्याला एकाच भाषेत डांबण्याचे कारण नाही. पोर्तुगीज वाचणारा एक सहकारी मात्र आधीच गाठून ठेवावा.

सातवी पायरी: गुणांची वही

प्रश्नपत्रिका ‘विभाग अ: इतिहास’ आणि ‘विभाग ब: वनस्पतिशास्त्र’ अशी निघाली की अभ्यासक्रम संपला असे समजावे. आमच्याकडे ४० टक्के गुण क्षेत्रनोंदवहीला, ३० टक्के गटाच्या अहवालाला आणि ३० टक्के तोंडी परीक्षेला आहेत. अहवालात निरनिराळ्या शास्त्रांतून आलेले किमान दोन पुरावे एकमेकांशी ताडून पाहिलेले असले पाहिजेत, आणि ते जुळत नसतील तर का जुळत नाहीत हे लिहिलेले असले पाहिजे. अहवालाचे निम्मे गुण या एका गोष्टीला आहेत. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला स्वतःच्या विषयाबाहेरचाच प्रश्न विचारला जातो.

दोघेही परीक्षक प्रत्येक अहवाल स्वतंत्रपणे तपासतात. दहापैकी मी आठ आणि सहकाऱ्याने पाच दिले असे घडते. अशा वेळी सरासरी काढून मोकळे होऊ नये. आधी बसून कारण शोधावे आणि ते विद्यार्थ्यांना सांगावे. आमच्यातील मोठे मतभेद बहुतेक ‘पुरावा’ या शब्दाशीच येऊन थांबले आहेत. गुणपत्रिकेची संगणकीय प्रणाली एका अभ्यासक्रमाला एकच शिक्षक मागते, ही किरकोळ वाटणारी बाब परीक्षा विभागाशी सत्राच्या आधी बोलून घ्यावी.

आठवी पायरी: बाहेरची माणसे

गोव्याचे लहानपण इथे कामी येते. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था, पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र आणि पणजीचे पुराभिलेखागार, ही सगळी ताळगाव पठारावरच्या आमच्या विद्यापीठापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर आहेत. तेथील तज्ज्ञाला व्याख्यानाला बोलावण्यापेक्षा विद्यार्थ्यांचा कच्चा तक्ता घेऊन त्याच्याकडे जावे. व्याख्यान तो नेहमीचेच देईल, पण तक्त्यातली चूक त्याला पाहवणार नाही.

गावात जाण्यापूर्वी कोमुनिदाद आणि कुळांची संघटना या दोघांनाही पत्र द्यावे. एकालाच दिले तर दुसऱ्याच्या दृष्टीने तुम्ही आधीच बाजू घेतलेली असते. जमिनीचे वाद जिवंत असतात, त्यामुळे मुलाखतींत नावे नोंदवू नयेत, आणि सत्र संपल्यावर चार पानांचा अहवाल कोकणी-मराठीत गावाला परत द्यावा. तो देताना ऐकून घ्यावे लागते. एका शेतकऱ्याने आमचा नकाशा उलटा धरून आम्हाला दाखवून दिले की मानशीची जागा चुकली आहे, आणि ती खरोखर चुकली होती.

खर्च फार येत नाही: बस, हातातले क्षारतामापी, उताऱ्यांच्या प्रती, रबरी बूट. बूट विभागाच्या नावावर घ्यावेत आणि कपाटात ठेवावेत. त्याच कपाटात पहिल्या वर्षापासूनच्या नोंदवह्याही ठेवाव्यात. आमची नवी तुकडी आता पहिल्या तासाला मागच्या तुकडीची वही उघडते, आणि पहिला प्रश्न बहुधा त्या खोडून पुन्हा लिहिलेल्या आकड्याविषयी असतो.